नकाशात नसलेली विहीर

आण्णा वसमतकरांना गाडी लागायची. एसटी असो की सरकारी जीप, हिंगोलीची शेवटची घरं मागे पडली की त्यांचा चेहरा पांढरा व्हायचा आणि पुढच्या चार-पाच मैलांत गाडी थांबवावी लागायची. रस्त्यांची कामं पाहणाऱ्या आमच्या कचेरीत ते आरेखक होते. सुरुवातीच्या एक-दोन साहेबांनी त्यांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन पाहिलं आणि मग नाद सोडला. त्यामुळे ज्या रस्त्यांचे नकाशे आण्णांनी आयुष्यभर काढले, त्यांतले बरेचसे रस्ते त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अनुरेखिका होते. त्यांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचा, एवढंच माझं काम. मी लागले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आमची कचेरी म्हणजे तीन खोल्या अन् मागं पत्र्याची एक शेड. पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसले, तर आण्णा मान वर न करता म्हणाले, "हात धुऊन ये."

"आत्ताच घरून येतेय, आण्णा."

"घरून आलीस तरी ये. कापडाला तेलाचं बोट लागलं की शाई तिथं धरत नाही."

त्यानंतर जितकी वर्षं आम्ही शेजारी बसलो, तितकी वर्षं मी हात धुतल्याशिवाय टेबलाला शिवले नाही. आजही घरात कागद-पेन घेऊन बसताना आधी मोरीकडे जाते, तेव्हा सून हसते.

आण्णा उंच आणि किडकिडीत होते. उजव्या हाताची बाही कागदावर घासू नये म्हणून तिच्यावर पंजा कापलेला जुना मोजा चढवायचे. पेन्सिलीला टोक काढायला अर्धं ब्लेड वापरायचे, आणि ते ब्लेड संध्याकाळी कागदात गुंडाळून खणात ठेवायचे. टेबलावर चहा कुणालाच ठेवू द्यायचे नाहीत. साहेबांनाही नाही. मी मापं वाचून दाखवायची आणि त्यांनी ती नकाशावर उतरवायची, असं आमचं चाले. प्रत्येक मापानंतर ते विचारायचे, "बराबर?" मी "बराबर" म्हटल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. एकदा मी कंटाळून नुसती मान हलवली, तर ते तसेच ओणवे थांबून राहिले, तोंडानं म्हणेपर्यंत.

न पाहिलेले रस्ते त्यांना पाठ होते. लातूरकडून बदलून आलेले एक तरुण अभियंता नरसीच्या रस्त्यावर अख्खी दुपार रस्त्याखालून पाणी जायची एक जुनी मोरी शोधत फिरले आणि न सापडता परत आले. आण्णांनी डोळे मिटून सांगितलं, "फाट्यापासून दुसरी. नळी बारीक आहे तिची. डाव्या अंगाला गवत काढून पाहा." दुसऱ्या दिवशी मोरी तिथंच सापडली. ते अभियंता पेढे घेऊन आले. आण्णांना झालेला आनंद पेढ्यांचा नव्हता, वेगळाच होता. त्यांनी मला विचारलं, "तिच्यावर गवत खरंच होतं म्हणे?" आपण कागदावर काढलेल्या गोष्टीवर गवत उगवतं, याचं त्या माणसाला नवल वाटत होतं.

मग हिंगोली जिल्हा झाली. कचेऱ्या आल्या, क्वार्टर्स आली, गावाबाहेर प्लॉट पडले, आणि वाशिमच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. या सगळ्याला भराव लागतो आणि भरावाला मुरूम लागतो. रस्त्याच्या कडेला आधी कुदळ-फावड्यानं खणलेले लहान लहान खड्डे होते. पावसाळ्यात त्यांत म्हशी बसायच्या. आता तिथं पोकलेनची यंत्रं उतरली आणि त्या खड्ड्यांच्या खदानी झाल्या. कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या खदानीतला मुरूम चांगला, दाबून घट्ट बसणारा, म्हणून तिची हद्द वाढवायचं ठरलं. गावाचा जुना नकाशा समोर ठेवून आण्णांनी वाढीव हद्द आखली. रस्त्याच्या बाजूला जागा नव्हती. पूर्वेला नाला होता. पश्चिमेला नकाशा कोरा होता, नुसता गटाचा आकडा लिहिलेला. हद्द पश्चिमेला गेली. आण्णांनी विचारलं, "बराबर?" मी म्हटलं, "बराबर." आणि ती रेघ मी शाईनं गिरवली.

दीडेक वर्षानं, होळी होऊन गेली होती तेव्हा, एक लमाण बाई कचेरीत आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सोबत तिचा जाणता मुलगा होता, थावरा. बाईचं नाव हुन्नाबाई. बाहेरच्या खोलीत कुणी दाद दिली नसावी, ती सरळ आत आली.

"नकाशा तुमीच काढता का?"

"हो," आण्णा म्हणाले. "काय काम होतं?"

तिनं टोपलीतून दोराचं वेटोळं काढलं आणि टेबलावर ठेवलं. दोर ओला होता. खाली आण्णांचा अर्धा झालेला नकाशा होता. आण्णा ताडकन उठले.

"अहो बाई, काय करून राहिलात? कागद भिजला!"

"भिजला तर वाळंल, सायब. आमची हीर वाळली, ती काई भिजंना."

आण्णांनी दोराला हात लावला नाही. पण ते बसले. हुन्नाबाईनं दोराची एक गाठ चिमटीत धरली. "दिवाळीला दोर इथवर पुरायचा. संक्रांतीला हा तुकडा जोडला. शिमग्याला हा. आता बादलीत गाळ येऊन राहिला. लेकरं आजारी पडायलीत."

"कुठली विहीर?"

"कनेरगावच्या अल्याड. खदानीच्या मागं. आमच्या तांड्याची."

आण्णांनी कपाटातून खदानीचा नकाशा काढून पसरला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं बोटानं रस्ता बरोबर ओळखला. "ही सडक?" हो. "हा नाला?" हो. "अन् ही खदान?" हो. मग तिचं बोट पश्चिमेकडच्या कोऱ्या जागेवर जाऊन थांबलं. तिथं ते थोडं फिरलं, पुढं गेलं, मागं आलं.

"मंग तांडा कुटंय, सायब?"

थावरा पुढं वाकून म्हणाला, "साठ घरं हायेत आमची. यात येकबी न्हाई?"

जुनी मोजणी झाली तेव्हा तिथं तांडा बसलेला नव्हता. विहीर तर तांड्यानं स्वतः खणली होती, नंतर. ती कुठल्याच कागदावर नव्हती. हे सगळं आण्णांना एका क्षणात कळलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर खाली घातली. नकाशाच्या कोपऱ्यात दोन सह्या होत्या. आखणारा आणि गिरवणारी.

"गुरुवारी मी येतो," आण्णा त्या बाईला म्हणाले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "आण्णा, तुम्हाला गाडी लागते."

"लागू दे."

त्या गुरुवारी मीही सोबत गेले. एसटीत ड्रायव्हरशेजारच्या पहिल्या बाकावर बसून, तोंडात आवळ्याची फोड धरून आण्णा समोरच्या काचेतून रस्त्याकडे टक लावून होते. तरी दोनदा गाडी थांबवावी लागली. खदानीपाशी उतरलो. कडेच्या दगडावर बसून त्यांनी तोंड धुतलं आणि मग उठून खदानीच्या काठाशी गेले.

खाली पोकलेन चालू होतं. पश्चिमेची कड उभी कापलेली, तीन पुरुष खोल. ती अगदी सरळ होती. मुरूम काढणाऱ्यांनी आमच्या रेघेवर दोरी लावून खणलं होतं, रेघ पाळली होती. आण्णा बराच वेळ त्या कडेकडे पाहत उभे राहिले. कड जिथं संपत होती तिथून विहिरीचा काठ हाकेहूनही जवळ होता, नुसतं बोललं तरी ऐकू जाईल इतका. विहिरीवर आठ-दहा बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. तळात साचेल तसं वाटी-वाटीनं पाणी भरायचं चाललं होतं.

खदानीच्या तळात मात्र पाणी होतं. ते उपसायला डिझेल इंजिन लावलं होतं आणि पाइपातून पाणी नाल्यात पडत होतं.

परत येताना आण्णा मला म्हणाले, "मुरमातून पाझरून पाणी विहिरीत यायचं. खदान विहिरीहून खोल गेली, तसं ते तिकडं वळलं. आता हे नुसतं म्हणून चालायचं नाही. मोजावं लागेल."

पुढं दर गुरुवारी ते गेले. रजा टाकून, पदरच्या तिकिटानं. कधी मी असायचे, बहुतेकदा एकटेच. सुताला दगड बांधून, सुतावर शाईच्या खुणा करून विहिरीचं पाणी मोजायचे. खदानीतलं पाणी मोजायचे. नाल्याच्या पात्रात मुरमाचा गाळ किती बसला ते काठी रोवून पाहायचे. खदानीलगतच्या कापसाच्या पानावरची धूळ बोटानं पुसून बोट कागदावर टेकवायचे आणि खाली तारीख लिहायचे. ज्या माणसाला तेलाचं बोट चालत नव्हतं, त्याच्या वहीत मातीच्या बोटांचे ठसे होते. एका पानावर फक्त एवढंच होतं : "वरची काळी माती मुरमाच्या ढिगाखाली पुरली गेली आहे. ती आधी काढून वेगळी ठेवायला हवी होती."

ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं, विहीर आटली ती पाऊस कमी म्हणून, आमच्यामुळं नाही. इंजिन दोन दिवस बंद ठेवा, मग पाहू, असं आण्णांनी सांगून पाहिलं. माणूस हसला. "आण्णा, काम थांबवून तुमची परीक्षा द्यायची काहून?"

मग दिवाळी आली. इंजिनवाला मजूर सणाला गावी गेला आणि इंजिन आपोआप बंद पडलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आण्णांनी पिशवी भरली. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मला पुढं सांगत होत्या, "मी म्हटलं, अहो, आजच्या दिवशी? तर म्हणाले, आजच. पुन्हा वर्षभर ते थांबायचं नाही." तीन दिवस ते तांड्यावर, थावराच्या ओसरीवर राहिले. सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मोजलं. पाडव्याच्या पहाटे तांड्याच्या पोरी टोपल्या घेऊन फुलं आणायला रानात निघाल्या, तेव्हा आण्णा विहिरीच्या काठावर पालथे पडून सूत सोडत होते. पोरी गाणं थांबवून पाहत उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "आजा, काय सापडलं का?" आण्णा म्हणाले, "सापडलं, बाळा. हातभर."

इंजिन बंद होतं तोवर विहीर दीड हात चढली होती. चौथ्या दिवशी मजूर परतला, इंजिन सुरू झालं, आणि आठवड्यात ती पुन्हा उतरली. मधे पावसाचा थेंब नव्हता.

आण्णांनी अहवाल लिहिला. पाण्याची मापं, नाल्याचा गाळ, उभ्या कडेवरून पडलेली गुरं, सगळं. पुढं उपाय लिहिले : उपसा लगेच बंद करावा, पश्चिमेची हद्द मागं घ्यावी, कड तिरपी करावी, गुरांना उतरायला वाट ठेवावी, काळी माती वर पसरावी, आणि यापुढं कुठल्याही खदानीची हद्द आखण्याआधी विहिरी आणि वस्ती जागेवर जाऊन पाहावी. एवढ्यावर साहेब खूश झाले असते. पण पहिल्याच पानावर एक वाक्य होतं : "सदर वाढीव हद्द मी जागा न पाहता आखली."

साहेबांनी त्यांना बोलावलं. मी कागद घेऊन दारात होते.

"आण्णा, हे वाक्य काढा. बाकी अहवाल मी वर पाठवतो. तुमची दोन वर्षं राहिली आहेत, कशाला अंगावर घेता?"

"साहेब, ते काढलं तर विहीर का आटली याचं कारणच राहत नाही."

"कारण उपसा लिहा."

"उपसा खदानीमुळं. खदान तिथं गेली हद्दीमुळं. हद्द माझी."

साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "विचार करा." आण्णा टेबलावर आले, हात धुऊन आले, आणि अहवालाची स्वच्छ प्रत काढायला बसले. वाक्य तसंच ठेवलं. मी म्हटलं, "आण्णा, मग माझंही नाव घाला. गिरवली मी."

"तू माझं गिरवलंस," ते म्हणाले. "तुझं तू जेव्हा आखशील तेव्हा घाल."

अहवाल गेला, चौकशी आली. चौकशीचे लोक खदानीवर आले त्या दिवशी तांड्याची सगळी माणसं जमली होती. आण्णांनी त्यांच्यासमोर तेच सांगितलं, कागदात पाहून, सरकारी भाषेत. लोकांना पुरतं कळलं नाही. हुन्नाबाई म्हणाली, "सायब, नीट सांगा ना. कुनी केलं?"

आण्णांनी कागद खाली केला. "मी केलं, बाई. मला वाटलं इथं कुणी राहत नाही."

एका म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. हुन्नाबाई आण्णांकडे पाहत राहिली आणि मग घागर उचलून चालू लागली.

उपसा बंद झाला, हद्द मागं घेतली गेली. आण्णांच्या सेवापुस्तकात ठपका पडला. ते निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत चहा झाला, भाषण कुणी केलं नाही. त्यांनी जाताना मला एक नकाशा दिला. खदानीचा, नवा काढलेला. पश्चिमेला तांड्याची घरं एकेक चौकोन करून दाखवली होती, आणि मधे विहीर. "ही प्रत कचेरीत लाव," म्हणाले. मी लावली.

निवृत्तीनंतर माणूस घरी बसेल असं वाटलं होतं. पण गुरुवार चालूच राहिले. कड तिरपी करायचं काम रेंगाळलं, तेव्हा ते रोज कचेरीत येऊन बाकावर बसायचे, न बोलता, काम होईपर्यंत. कड झाली. मग दुसरंच सुरू झालं. नाक्यावरच्या ढाब्यांनी खदानीत खरकटं, फुटके डबे, गाड्यांचं जळकं ऑइल टाकायला सुरुवात केली. मोकळा खड्डा दिसला की लोकांना तो भरून टाकावासा वाटतो. आण्णा ढाब्या-ढाब्यावर गेले. एक ढाबेवाला म्हणाला, "आण्णा, खड्डा सरकारचाय. तुमाला काय तकलीफ?" आण्णा म्हणाले, "खड्डा सरकारचा असेल. त्यातलं पाणी मुरमातून तांड्याच्या विहिरीत जातं. ज्या पोरी तुमच्याकडं भांडी घासतात, त्या तेच पितात." तो ढाबेवाला काही सुधारला नाही, पण बाकीच्या दोघांनी टाकणं थांबवलं. थावरानं आणि तांड्याच्या पोरांनी खदानीच्या काठानं निवडुंग लावला.

विहीर भरली, पण पूर्वीइतकी नाही. दोन हात कमी राहिली ती राहिलीच. आण्णा हा आकडा कुणालाही, न विचारता, सांगायचे. कुणी म्हटलं, "आण्णा, तुमच्यामुळं विहीर वाचली," की लगेच म्हणायचे, "दोन हात कमी आहे."

पाच-सहा वर्षांनी हुन्नाबाई गेली. निरोप मला कचेरीत मिळाला. मी जीपनं गेले, आण्णा आधीच पोचले होते, एसटीनं. ओसरीवर पुरुष बसले होते, आत बायका रडत होत्या. आण्णा खाली मातीतच बसले. शेवटी थावराला म्हणाले, "तुझ्या आईची मी कधी नीट माफी मागितली नाही रे. तेवढं राहिलं."

थावरा पटका सारखा करत म्हणाला, "मागितली असती तरी तिनं दिली नसती, सायब. मी खोटं काहून बोलू? धाकटी बहीन माजी त्याच साली हगवणीनं गेली. गाळाचं पानी पिऊन. आई ते कधी इसरली न्हाई."

आण्णांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. इतकी वर्षं त्या घरी चहा पिऊनही कुणी सांगितलं नव्हतं.

थावरा पुढं म्हणाला, "पन तुमी बेस्तरवारी आला न्हाईत तर चिडायची. म्हनायची, सायबाचं पोट बिघडलं आसंल गाडीत, जा, सडकंवर बगून ये."

आण्णांनी मान खाली घातली. बऱ्याच वेळानं ते उठले. मी म्हटलं, "जीप आहे, आण्णा, सोबत चला." ते म्हणाले, "नको. मला थोडं पायी चालू दे. एसटीनं येतो."

त्याच वर्षी ते मुलाकडे नाशिकला गेले आणि तिथंच वारले. मला पोस्टकार्ड आलं. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं. जीप तांड्यावरून रस्त्याला लागली तेव्हा ते बाभळीखाली एसटीची वाट पाहत उभे होते, पिशवी पायाशी ठेवून. वाशिमच्या बाजूनं, कुठल्या तरी नव्या खदानीतून, मुरमानं भरलेला एक टिपर आला आणि हिंगोलीकडे गेला. लगेच त्याच्या मागं दुसरा. धुरळा उडाला. आण्णांनी टिपर कुठं चाललेत हे पाहिलं नाही. टिपर आले होते त्या वाशिमच्या दिशेला ते वळून पाहत राहिले. मग पिशवी उचलली आणि हिंगोलीकडे पाठ करून रस्त्याच्या कडेनं तिकडं चालायला लागले. मी जीपमधून हाक मारली. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.